गांधीलमाशी, गदगकर आणि संशोधनाची किंमत

मराठीत ‘माशी’ हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. घरात घोंघावते ती माशी, मध साठवते ती मधमाशी, भिंतीवर मातीचे घर बांधते ती कुंभारीण माशी आणि खिडकीच्या चौकटीला कागदासारखे घरटे लटकावून जवळ जाणाऱ्याला डंख मारते ती गांधीलमाशी. कीटकशास्त्राच्या हिशेबाने यांतली पहिली एका गणातली आणि उरलेल्या तिघी दुसऱ्याच गणातल्या. मुंग्याही या दुसऱ्या गणात मोडतात. म्हणजे गांधीलमाशी नात्याने घरमाशीपेक्षा मुंगीला कितीतरी जवळची. भाषेचे वर्गीकरण आणि शास्त्राचे वर्गीकरण यांत असे अंतर पडायचेच, त्यात भाषेला काही उणेपणा येतो असे आम्हांला वाटत नाही. परंतु मुंगीच्या उद्योगाचे आणि मधमाशीच्या साठवणुकीचे कौतुक आपण पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, आणि गांधीलमाशीच्या वाट्याला मात्र लांब काठी व रॉकेलचा बोळा एवढेच आले.

याच उपेक्षित प्राण्याकडे एका भारतीय शास्त्रज्ञाने चार दशकांहून अधिक काळ टक लावून पाहिले. डॉ. राघवेंद्र गदगकर हे त्यांचे नाव. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांची सारी कारकीर्द गेली. आम्ही मराठी शिकविणारी माणसे. कीटकांच्या सामाजिक वर्तनावर अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. तरीही या कारकीर्दीविषयी लिहावेसे वाटले, कारण संशोधन म्हणजे काय आणि त्यासाठी नेमके काय लागते, हा आमच्याही विभागांना सतत छळणारा प्रश्न आहे, आणि त्याचे एक अत्यंत स्वच्छ उत्तर येथे सापडते. ते उत्तर अर्थात वरवर दिसते तितके सोपे नाही.

गदगकरांचा जन्म १९५३ चा, कानपूरचा. शिक्षण बंगळूरला. महाविद्यालयीन वयात दोन पुस्तके त्यांच्या हाती पडली, असे त्यांनी स्वतः अनेकदा लिहिले आहे. एक कोनराड लोरेंत्स यांचे प्राण्यांच्या वर्तनाविषयीचे ‘किंग सॉलोमन्स रिंग’ आणि दुसरे जेम्स वॉटसन यांचे डीएनएच्या शोधाची हकिकत सांगणारे ‘द डबल हेलिक्स’. एक पुस्तक तळ्याकाठी बसून बदकांकडे पाहायला सांगणारे, दुसरे प्रयोगशाळेत रेणूंचा पाठलाग करायला लावणारे. तरुण गदगकरांनी दोन्ही गोष्टी केल्या. पीएच.डी. रेणवीय जीवशास्त्रात, क्षयजंतूच्या कुळातल्या जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूवर. आणि छंद म्हणून इमारतींच्या खिडक्यांतल्या गांधीलमाश्यांचे निरीक्षण. पदवी १९७९ मध्ये मिळाली तेव्हा, लोकव्यवहार पाहता, छंद सोडून विषाणू धरायला हवा होता. त्यांनी उलटे केले. या उलट्या प्रवासात त्यांना पाठबळ मिळाले ते पुण्याच्या माधव गाडगीळांचे. गाडगीळांनी १९८३ मध्ये त्या संस्थेत पर्यावरणशास्त्राचे केंद्र उभे केले आणि गदगकरांच्या गांधीलमाश्यांना तेथे हक्काचे छप्पर लाभले. मराठी वाचक गाडगीळांना पश्चिम घाटाच्या अहवालामुळे ओळखतो. एका तरुणाच्या ‘निरुपयोगी’ छंदाला शास्त्राचा दर्जा मिळू शकतो हे ओळखण्याची त्यांची नजर तितकीच मोलाची होती, हे येथे नोंदवून ठेवतो.

ही गांधीलमाशी म्हणजे रोपॅलिडिया मार्जिनाटा. दक्षिण भारतात सर्वत्र आढळणारी, वनस्पतींचे तंतू चावून त्यांच्या लगद्याचे उघडे घरटे बांधणारी. घरट्यात साधारणपणे काही डझन माश्या असतात. त्यांतली एक अंडी घालते, बाकीच्या घरटे वाढवतात, भक्ष्य आणतात, अळ्यांना भरवतात. मधमाश्यांत राणी आणि कामकरी यांच्या देहयष्टीतच फरक असतो. कामकरी मधमाशी मनात आणले तरी राणी होऊ शकत नाही. येथे तसे नाही. सगळ्या दिसायला सारख्या, आणि जवळजवळ कोणतीही मादी एकटी उडून जाऊन स्वतःचे घरटे थाटू शकते. मग त्या तसे का करीत नाहीत? दुसरीची पिल्ले वाढविण्यात आयुष्य का घालवतात?

हा प्रश्न डार्विनपासून चालत आलेला. जो गुण धारण करणाऱ्याला संततीच होत नाही तो गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, ही त्यातली खरी मेख. १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने तीवर एक देखणे उत्तर सुचविले. आपली जनुके केवळ आपल्या संततीत नसतात, ती भावंडांतही असतात. तेव्हा भावंडांना मदत करणे हाही आपलीच जनुके पुढे पाठविण्याचा मार्ग ठरतो. शिवाय मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्यात नर अफलित अंड्यातून जन्मतो. त्यामुळे पित्याकडून सर्व बहिणींना एकच वारसा मिळतो आणि सख्ख्या बहिणींचे आपसांतले नाते तीन चतुर्थांश भरते, आई-मुलीचे मात्र निम्मेच. म्हणजे मुलगी वाढविण्यापेक्षा बहीण वाढविणे फायद्याचे! गणित इतके सुबक की त्यावर भाळू नये तरच नवल.

गदगकर आणि त्यांचे विद्यार्थी भाळले नाहीत, त्यांनी मोजले. या माशीची राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते, म्हणजे बहिणी बहुधा सावत्र निघतात. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशात हिवाळा वसाहत मोडून टाकतो. दक्षिणेत हिवाळ्याचा तो धाक नाही, घरटे दीर्घकाळ चालते आणि मध्येच राण्या बदलत राहतात. मग एखादी कामकरी ज्या अळीला भरवते ती तिची बहीण असेल, भाऊ असेल, भाची असेल, भाचा असेल, नाहीतर आणखी लांबची कोणी असेल. एकत्र कुटुंबातल्या आत्याबाईंना हे वेगळे समजावून सांगायला नको. प्रत्यक्षात नाते तीन चतुर्थांशापेक्षा पुष्कळ खाली येते. म्हणजे केवळ रक्ताच्या जवळिकीने या त्यागाचा उलगडा होत नाही.

मग कशाने होतो? गदगकरांनी १९९० मध्ये मांडलेला एक विचार आम्हांला विशेष लक्षणीय वाटतो. एकट्याने संसार थाटणाऱ्या माशीने अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत, कित्येक आठवडे, पिल्लू सांभाळले पाहिजे. मध्येच ती मेली तर तोवरचे सारे कष्ट वाया. पण समूहात राहून तिने चारच दिवस एखाद्या अळीला भरवले आणि ती मेली, तरी उरलेले काम दुसरी पुरे करते, आणि त्या चार दिवसांचे श्रेय फुकट जात नाही. नात्याच्या जोडीला परिस्थितीची अशी अंगे हिशेबात घेतली, तेव्हा सुमारे पंच्याण्णव टक्के माद्यांनी कामकरी होणेच फायद्याचे, असे त्यांच्या प्रतिमानातून निघाले. आणि निसर्गात प्रत्यक्ष आढळणारे प्रमाण त्याच्या अगदी जवळ जाणारे निघाले. वीस वर्षांच्या या कामाचा ग्रंथ, ‘द सोशल बायॉलॉजी ऑफ रोपॅलिडिया मार्जिनाटा’, २००१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. गिरगावात जन्मलेल्या एखाद्या कथेचे जगाच्या वाङ्मयात भाषांतर व्हावे, तसे खिडकीतल्या एका स्थानिक माशीचे झाले.

आता थोडे शब्दांविषयी, कारण आम्हां भाषेच्या लोकांना तेथे थांबल्याशिवाय राहवत नाही. ‘राणी’ हा शब्द शास्त्राने समाजाकडून उसना घेतला आहे. त्याआधी तर मधमाश्यांच्या पोळ्यात ‘राजा’ असतो असेच युरोप मानत होता. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकातल्या मधमाश्यांनाही राजाच आहे. चार्ल्स बटलर यांनी १६०९ मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच ते ‘स्त्रीराज्य’ असल्याचे जाहीर केले, आणि पुढे त्याच शतकात यान स्वामरडाम यांनी शवविच्छेदन करून तथाकथित राजाच्या पोटातले अंडाशय दाखवून दिले. राजा गेला, राणी आली. पण राज्य कायम राहिले. सत्ता एका टोकाला आणि हुकूम वरून खाली, हा अर्थ शब्दाबरोबर चिकटून आला.

गदगकरांच्या निरीक्षणांनी हा चिकटलेला अर्थ खरवडून काढला. प्रत्येक माशीला चटकन वाळणाऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे, म्हणजे ती व्यक्ती म्हणून ओळखता येते. मग तासन्‌तास समोर बसून कोण काय करते याची नोंद करायची. एन. व्ही. जोशी यांच्यासह केलेल्या या नोंदींचे संख्याशास्त्रीय विश्लेषण १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. दिसायला सारख्या असलेल्या माश्यांचे वर्तनावरून तीन गट पडले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि भक्ष्य आणणाऱ्या. राणी कोणत्या गटात असावी? भांडणाऱ्यांत, असे कोणीही म्हणेल. याच वंशातल्या दुसऱ्या एका जातीत ती तेथे असतेही. पण मार्जिनाटाची राणी निघाली बसणाऱ्यांत! ती कोणावर धावून जात नाही. कामाला कोणी कधी जायचे हे कामकरी माश्या आपसांतल्या टोचाटोचीने ठरवतात. राणीचे अस्तित्व इतरांना कळते ते बहुधा तिच्या शरीरातल्या एका ग्रंथीच्या स्रावाने. पोटाचा भाग घरट्यावर घासून ती तो पसरवते. या बाईला राणी म्हणावे की घरातली देवघराजवळ बसणारी आजी म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

आणि तिला उचलून बाजूला काढले की काय होते? काही मिनिटांतच आजवर कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली एक कामकरी एकाएकी विलक्षण आक्रमक होते. राणी परत ठेवली तर ती निमूटपणे पुन्हा कामकरी होते. नाही ठेवली, तर काही दिवसांत तिचा आक्रमकपणा ओसरतो, ती अंडी घालू लागते आणि तीही बसणाऱ्यांतली होऊन जाते. तिच्याशी कोणी स्पर्धा करीत नाही. ही वारसदार आधीपासून ठरलेली असते का? राणी असताना तिला ओळखण्याचे जेवढे मार्ग सुचले तेवढे संशोधकांनी चोखाळले. आकारावरून ती ओळखता येईना, भांडणातल्या क्रमावरूनही येईना.

तेव्हा अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी एक प्रयोग केला. त्याचे वर्णन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरटे मधोमध कापून दोन भाग केले, मध्ये तारेची जाळी लावली, माश्या दोन्हीकडे वाटून दिल्या; राणी एका बाजूला. राणी नसलेल्या बाजूला एक आक्रमक माशी पुढे आली. मग राणीची आणि हिची अदलाबदल केली. हीच जर सगळ्यांच्या मनातली वारसदार असेल, तर पलीकडच्या माश्यांनीही तिला मानले पाहिजे. नसेल, तर खरी वारसदार तिकडे असणार आणि तिने आता प्रकट झाले पाहिजे. नेमके असेच घडले. काही घरट्यांत पहिलीच दोन्हीकडे मान्य झाली, इतरांत दुसरी पुढे आली आणि मग ती दोन्हीकडे मान्य झाली. तिसऱ्या दावेदाराची वेळ आली नाही. म्हणजे वारस कोण हे माश्यांना ठाऊक आहे, आपल्याला नाही. आणि त्यांना ठाऊक आहे एवढे मात्र आता आपल्याला ठाऊक आहे. शोधनिबंधाच्या शीर्षकातही याच अर्थाचा शब्दखेळ केलेला आहे. पुढे २०१२ मध्ये आलोक बंग यांच्यासह केलेल्या कामातून दिसले की वारस एकच नसतो, एकीमागे एक अशी रांगच ठरलेली असते, आणि ती कोणी मोडत नाही. (आमच्या संस्थांमधल्या प्राचार्यपदाच्या नेमणुका डोळ्यांपुढे आणणाऱ्या वाचकाला आम्ही दोष देणार नाही.)

या प्रयोगाला काय लागले? रंग, जाळी, कात्री, वही. गदगकरांनी हा मुद्दा पुढे उघडपणे हाती घेतला. अत्यल्प खर्चात केलेल्या वर्तनप्रयोगांवरचे त्यांचे पुस्तक २०२१ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केले, आणि त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत विनामूल्य ठेवली. निको टिनबर्गेन यांनी हॉलंडच्या माळावर एका गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाइनची बोंडे वर्तुळात मांडली आणि ती बाहेर गेल्यावर वर्तुळ बाजूला सरकवले. परतलेली माशी बिळाकडे न जाता बोंडांकडे गेली. माशी खुणांवरून घर शोधते हे सिद्ध करायला एक छदामही पडला नाही. १९५७ साली भारतात येऊन राहिलेले जे. बी. एस. हाल्डेन हेही भारतीय तरुणांना असेच सांगत असत: महागड्या यंत्रांची वाट पाहू नका, अंगणातल्या पक्ष्याकडे आणि कीटकाकडे पाहा.

येथवर सगळे उत्तम आहे. पण महाविद्यालयीन चर्चासत्रांतून या उदाहरणाचा जो उपयोग होतो त्याविषयी आम्हांला शंका आहे. ‘बघा, पैशाशिवायही संशोधन होते’ असे व्यासपीठावरून सांगितले जाते तेव्हा ऐकणाऱ्यांत प्रयोगशाळेचे अनुदान थकलेले शिक्षक बसलेले असतात, आणि सांगणाऱ्याला ते अनुदान न देण्याचे निमित्त सापडते. गदगकरांच्या संशोधनाला पैसा कमी लागला हे खरे. ते स्वस्त होते हे मात्र खरे नाही. त्याला लागलेली सर्वांत महागडी गोष्ट म्हणजे वेळ. एकाच जातीच्या माशीसमोर वर्षानुवर्षे बसण्याची मुभा, त्या काळात निष्पन्न काय झाले असे दर सहा महिन्यांनी न विचारणारी संस्था, कायमची नोकरी, भरलेले ग्रंथालय आणि वाद घालायला शेजारी गणित जाणणारा सहकारी. ही सामग्री सूक्ष्मदर्शकापेक्षा दुर्मीळ आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शिक्षकाच्या कामाचे गुणांकन सुरू केले. नंतर त्यात दुरुस्त्या झाल्या, परंतु निबंध मोजण्याची सवय मुरली ती मुरलीच. मोजणी सुरू झाली की मोजता येण्याजोगे लिहिले जाते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली, आणि मराठीच्या विभागांतही ‘अमुक कादंबरीतील स्त्रीजीवन’, ‘तमुक कादंबरीतील ग्रामजीवन’ असे निबंध साच्यातून काढल्यासारखे पडू लागले. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्रातल्या कित्येक महाविद्यालयांचा गाडा आज तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतो. दिवसाला दोन गावांतली दोन महाविद्यालये करणाऱ्या आणि मे महिन्यात एक रुपयाही न मिळणाऱ्या तरुणाला ‘खिडकीतल्या माशीकडे बघ’ असे सांगणे आम्हांला उद्धटपणाचे वाटते. ज्ञानेश्वरीतला एकच अध्याय दहा वर्षे वाचणे आणि एकच माशी दहा वर्षे पाहणे ही कामे एकाच जातीची. दोन्हींना यंत्र लागत नाही. दोन्हींना उद्याची खात्री लागते.

गदगकरांना हे उमगलेले नव्हते असे नाही. लेखकाकडून शुल्क घेऊन वाचकाला फुकट देणारी नियतकालिके जगभर पुरोगामी ठरत होती, त्याच काळात, २००८ मध्ये, ‘नेचर’ला लिहिलेल्या पत्रात त्यांनी वेगळा सूर लावला: विकसनशील देशांतल्या संशोधकाला फुकट वाचता येईल, पण छापता येणार नाही, तेव्हा अशा व्यवस्थेने हितापेक्षा अहितच अधिक होईल. त्यानंतर प्रकाशनशुल्काचे जे झाले ते पाहता हे पत्र आज पुन्हा काढून वाचावे. २००४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय विज्ञान संस्थेत समकालीन अध्ययनाचे एक केंद्र स्थापन झाले. तत्त्वज्ञ, इतिहासकार, लेखक, कलावंत यांना शास्त्रज्ञांच्या आवारात आणून बोलते करायचे, हा त्याचा हेतू. उलट दिशेचा असा प्रयत्न, म्हणजे साहित्याच्या विभागाने कीटकशास्त्रज्ञाला बोलावण्याचा, आमच्या तरी पाहण्यात नाही. मराठीत विज्ञानलेखन म्हणजे ‘सोपे करून सांगणे’ अशी समजूत रुळली आहे. संशोधकाला प्रश्न कसा सुचला, पहिले उत्तर का टिकले नाही, दुसरा प्रयोग का रचावा लागला, ही विचाराची वाट त्यात क्वचितच दिसते. ती वाट सांगण्याचे कौशल्य खरे तर समीक्षेपाशी असायला हवे.

आमच्या महाविद्यालयात जिन्यावरच्या खिडकीत गांधीलमाश्यांचे एक घरटे आहे. जात कोणती हे प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले आहे. फवारणीवाल्याला ती खिडकी सोडायला सांगितली आहे, आणि शिपाईमामांचा त्याला असलेला विरोध अजून मावळलेला नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या चार मुलींनी, त्यांत दोघी मराठीच्या, दररोज मधल्या सुट्टीत अर्धा तास तेथे वही घेऊन बसण्याचे कबूल केले आहे. त्यांना गुण मिळतील का, असे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले. नाही, असे आम्ही सांगितले. तरी त्या येतात. तूर्त फक्त मोजायचे ठरले आहे: घरट्यावर माश्या किती, उडून किती गेल्या, परत किती आल्या.